खोट्या टेकडीची मोजणी

मोजणी खात्यात तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. खात्यात आणखीही बायका होत्या, पण त्या कचेरीत बसणाऱ्या. यंत्राची तिपाई खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडणारी ही एकटीच. एकोणतीस वर्षं तिनं जमिनी मोजल्या. चढ आला की तिच्या हाताखालचे दोन गडी धापा टाकत मागून यायचे आणि ही वर जाऊन, ओळंबा सोडून, यंत्राचा बुडबुडा मध्यावर आणून त्यांची वाट बघत असायची. हद्दीवरून एकमेकांच्या उरावर बसायला निघालेले शेजारी तिनं कितीतरी पाहिले होते. त्यांच्यात ती पडायची नाही. “तुमचं भांडण होऊ द्या, तोवर मी मोजून घेते,” म्हणायची आणि कामाला लागायची.

लग्न तिनं केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहायची. खाली दादा आणि त्याची मुलगी. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती. दादा तरुणपणी सैन्यात वायरलेसवर होता, एक लढाईही त्यानं पाहिली होती, पण त्याबद्दल तो चकार शब्द काढायचा नाही. पुढं टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाला. भाची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि आत्याशी तिचं बापापेक्षा जास्त जमायचं.

बावन्नाव्या वर्षी बाईला झटका आला. कचेरीतच, नकाशाच्या टेबलावर. हातातली पेन्सिल खाली पडली, ती उचलायला वाकली, आणि हात पेन्सिलीपर्यंत पोचेचना. तिला वाटलं, पेन्सिलच दूर गेली. शेजारच्या कारकुनानं तिचं तोंड वाकडं झालेलं पाहिलं आणि धावाधाव केली, म्हणून निभावलं.

दोन महिन्यांत पाय बऱ्यापैकी वळणावर आला. जरा ओढत टाकावा लागायचा, एवढंच. उजवा हात मात्र रुसून बसला. बोटं मिटायची, पण मिटलेली उघडायला विसरायची. अंगठ्याचं तर काही विचारूच नका, तो स्वतःच्या मर्जीनं चालायचा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी एका वाडग्यातले वाटाणे दुसऱ्या वाडग्यात टाकायला सांगायची. चार दिवस बाईनं ते केलं. पाचव्या दिवशी दोन्ही वाडगी बाजूला सारली.

“इकडचे वाटाणे तिकडं आणि तिकडचे इकडं. यातून निष्पन्न काय?”

“हात सुधारतो, बाई.”

“हाताला कळतंय की हा बिनकामाचा उद्योग आहे. तो कशाला सुधारेल?”

त्याच आठवड्यात कचेरीचं पत्र आलं. पत्राची भाषा गोड होती. बाईंची आजवरची सेवा लक्षात घेता त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसून करायचं काम देण्यात येईल. मैदानी कामावर परत यायचं असेल, तर वर्षाच्या आत चाचणी द्यावी लागेल. तासाभरात यंत्र लावायचं, एक तुकडा मोजायचा आणि त्याचा नकाशा स्वतःच्या हातानं कागदावर उतरवायचा. बाईनं पत्र दोनदा वाचलं आणि चाचणीचा अर्ज त्याच दिवशी भाचीच्या हातून पाठवून दिला. सही डाव्या हातानं केली. ती सही बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

“वाटाणे नको असतील तर उंदीर धर,” भाची म्हणाली आणि तिनं आपला कॉम्प्युटर वर आणून मांडला. माउसवर बोटं ठेवायची, सरकवायचं, दाबायचं, हाही व्यायामच होता. आधी तिनं रंगीत फुगे फोडायचा खेळ लावून दिला.

“मी काय चार वर्षांची आहे?” बाईनं विचारलं.

मग भाचीनं ती स्वतः खेळायची तो खेळ लावला. खेळाचं नाव ‘माघार’. कुठल्याशा कल्पित युद्धातला, कुठल्याशा कल्पित देशातला. तुमच्या हाताखाली सैनिकांची एक तुकडी, आणि ती वाचवून न्यायची. बाईनं माउस धरला, सगळ्यांना एका दमात मोकळ्या शेतातून पुढं पळवलं, आणि तीन मिनिटांत तीसेक माणसं आडवी झाली.

“आता यांना परत उभं कर,” ती म्हणाली.

“उभे राहत नाहीत ते, आत्या. मेले.”

“एवढ्यात? कुणी मारलं? मला तर कुणीच दिसलं नाही.”

“टेकडीवर मशीनगन होती. तुला नाही दिसणार. तुझ्या माणसांना जेवढं दिसतं तेवढंच तुला दिसतं. मधे उंचवटा आला की पलीकडचं आंधळं.”

बाई खुर्चीत सरसावून बसली. कुठल्या जागेवरून काय दिसतं आणि काय दिसत नाही, यातच तर तिचं आयुष्य गेलं होतं.

त्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की दीड तास ती त्या पडद्यापुढं बसायला लागली. पहिल्या तीन मोहिमा पडत-झडत पार पडल्या. चौथीनं मात्र तिच्या नाकी नऊ आणले. एकशे बारा माणसं, पाठीशी नदी, तिन्ही बाजूंनी शत्रू. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांना नदीपार काढायचं. पूल एकच, आणि तो टेकडीवरून तळहातावरच्या रेषेसारखा स्वच्छ दिसणारा. या खेळात माणसं दमायची. दमली की हळू चालायची, ओझं असेल तर आणखी हळू. गोळ्या संपल्या की संपल्या. जखमी झालेल्या एकाला उचलायला दोघं लागायचे, म्हणजे एक पडला की तिघं कामातून गेले. घाबरलेला माणूस हुकूम ऐकायचा नाही, डोकं हातांत धरून बसून राहायचा. आणि हुकूम तरी कसा, तर वायरलेसवाल्याकडून जाणार. तो मेला की निरोप्या धावत पाठवायचा, आणि त्याला पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ पलीकडच्यांना काहीच पत्ता नाही.

“हा खेळ फार कुणी खेळत नाही,” भाची म्हणाली. “लोकांना धडाधड मारायला आवडतं. यात नुसतं थांबायचं, बघायचं. माझ्या मैत्रिणी कंटाळतात.”

“तुला का आवडतो?”

भाचीनं विचार केला. “बाकीच्या खेळांत मी जिंकते तेव्हा मला माहीत असतं की खेळानंच मला जिंकवलंय. हा लाड करत नाही.”

बाईला ते पटलं. तिला स्वतःला जे वाटत होतं ते जवळपास हेच होतं. झटका आल्यापासून जो तो तिचे लाड करत होता. कपात चहा अर्धाच ओतायचे, बोलताना आवाज चढवायचे, ती जिना उतरायला लागली की कुणीतरी खाली हात पसरून उभं. हा खेळ तिला काही म्हणजे काही सोडत नव्हता. चूक केली की ती चूक तिथंच पडून राहायची, चुकीच्या जागी रोवलेल्या खुंटीसारखी, आणि पुढचं सगळं त्या खुंटीपासून वाकडं होत जायचं.

एकशे बारा जणांना नावं होती, पण ती परक्या भाषेतली, जिभेला न वळणारी. तिनं आपली नावं ठेवली. चष्मेवाला, उंच्या, ढेरपोट्या, दोघं जुळे, सारखा मागं राहणारा रेंगाळ्या. वायरलेसवाल्याला मात्र तिनं वायरलेसवालाच म्हटलं.

एकदा तिला सहा जणांना ओढ्याच्या काठानं न्यायचं होतं. ऐन वेळी अंगठा थरथरला, माउस बोटभर सरकला आणि हुकूम गेला उघड्या रस्त्याचा. सहाही जण निमूटपणे उठून रस्त्यावर गेले. चष्मेवाला सगळ्यांत पुढं होता. पडदा थांबवायची सोय नव्हती. बाई बघत बसली.

“डाव्या हातानं खेळ ना,” भाची हळूच म्हणाली.

“चाचणी डाव्या हाताची नाही.”

“पण त्यात तुझी चूक नव्हती, हात हलला.”

“हात कुणाचा?” बाई म्हणाली, आणि मोहीम पहिल्यापासून लावली.

अशा तीसेक खेपा झाल्या. कधी चाळीस माणसं पार व्हायची, कधी पंचवीस. एका सकाळी दादा वर्तमानपत्र द्यायला वर आला आणि दारातच थबकला. पडद्यावर पुलापाशी माणसं पडत होती. आवाज बारीक होता, पण होता.

“बंद कर ते.”

“का रे?”

“युद्ध ही काय खेळायची गोष्ट आहे? आयुष्यभर शहाण्यासारखी वागलीस आणि आता हे?”

“दादा, मी कुणाला मारायला बसले नाहीये. यांना बाहेर काढायला बसलेय.”

“आम्हीही त्यालाच बसलो होतो,” दादा म्हणाला. वर्तमानपत्र दाराशीच ठेवून तो खाली गेला. तीन दिवस जेवताना तो तिच्याशी ‘मीठ दे’ यापलीकडं काही बोलला नाही.

बाईनं त्याला चूक ठरवलं नाही. पडद्यावरच्या माणसांना आई नव्हती, त्यांच्या घामाला वास नव्हता, हे तिलाही कळत होतं. दादानं जे पाहिलं त्याच्या जवळपासही हा खेळ जात नसणार. पण खेळ सोडावा असंही तिच्या मनात आलं नाही. तिनं दार लोटून घ्यायला सुरुवात केली, आवाज पूर्ण बंद केला, आणि दादाच्या त्या वाक्यामुळं तिच्या डोक्यात एक गोष्ट मात्र पक्की बसली. आपण आजवर बसलोच नव्हतो. आपण नुसतीच घाई करत होतो.

मोहीम सुरू झाल्यावर शत्रूचा हल्ला व्हायला चाळीस मिनिटं लागत. इतके दिवस ती या चाळीस मिनिटांत माणसं पुलाकडं सरकवायची. आता तिनं ते बंद केलं. आलेखाच्या कागदांचा गठ्ठा मागवला, पेन्सिलीला कापडाची जाड गुंडाळी करून ती उजव्या हातात अडकवली आणि त्या जमिनीची मोजणी सुरू केली.

रीत साधी होती. उंच्याला एका जागी उभं करायचं. त्याला काय दिसतं, काय नाही, ते लिहायचं. मग वीस पावलं पुढं. तो टेकडीचा माथा बघू शकत नसेल, तर माथ्यावरचाही त्याला बघू शकत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागेचं अंतर खेळ स्वतःच सांगायचा. चाळीस मिनिटं संपली, हल्ला सुरू झाला, की ती मोहीम सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उंच्याला त्याच्या पुढच्या जागेवर नेऊन उभं करायची.

भाचीनं कपाळाला हात लावला. “आत्या, अख्ख्या टेकडीची मोजणी? खोट्या?”

“ज्यानं केलीय त्यानं कुठलीतरी खरी बघूनच केली असणार. पाणी बघ कसं उतरतंय. हे मनानं नाही काढता येत.”

पहिले कागद बघवत नव्हते. रेषा कोंबडीनं पाय ओढल्यासारख्या. खोडून खोडून कागदाला भोकं पडायची, मग तोच तुकडा नव्यानं. कधी बोटं पेन्सिलीवर मिटायची ती मिटूनच राहायची, आणि डाव्या हातानं एकेक उलगडावी लागायची. दुसऱ्या महिन्यात पेन्सिलीवरची गुंडाळी निम्म्यानं कमी झाली. व्यायामवाल्या मुलीनं एकदा तिचा अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाली, “वाटाण्यांचा सराव चांगला चाललाय वाटतं.” बाईनं “हो, रोज,” म्हणून वेळ मारून नेली.

तीन महिन्यांत त्रेसष्ट कागद झाले. ते तिनं जमिनीवर एकाला एक जोडून अंथरले आणि भाचीला बोलावलं. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा टेकडीवरून उतरत, वळत नदीपर्यंत गेल्या होत्या.

“इथं बघ,” बाईनं काठीच्या टोकानं दाखवलं. “या रेषा इथं आत वळतात. म्हणजे जमीन इथं खाली दबलीय, घळ आहे. माथ्यावरून दिसत नाही, पुलावरून दिसत नाही. पडद्यावर सगळीकडं सारखंच गवत, म्हणून कळत नव्हतं. ही पुलाच्या पुष्कळ खाली नदीला मिळते, आणि तिथं नदी पसरट आहे. पसरट म्हणजे उथळ.”

भाची गुडघ्यांवर बसून बघत राहिली. दोन वर्षं ती हा खेळ खेळत होती.

“फक्त इथं,” बाई म्हणाली, “अकरा पावलं उघडी आहेत. तेवढ्यांचं काय करायचं ते बघावं लागेल.”

त्या अकरा पावलांनी पुढचे सहा आठवडे घेतले. धुराचे गोळे दोनच होते, ते कधी फोडायचे यावर सगळं अवलंबून. वारा नदीकडून आला की धूर उलटा तोंडावर. जखमींना आधी न्यावं तर वाट अडते, शेवटी न्यावं तर राहून जातात. पहिल्यांदा एक्क्याऐंशी पार झाले, मग शहाण्णव, मग एका सकाळी एकशे चार. ढेरपोट्या आणि जुळेही पलीकडं पोचले. भाचीनं टाळ्या वाजवल्या. बाई मात्र उरलेल्या आठ ठिपक्यांकडं बघत होती.

भाचीनं तो नकाशा टिपून हा खेळ खेळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. कुणीतरी विचारलं, हा कुठल्या सॉफ्टवेअरवर केला? भाचीनं लिहिलं, पेन्सिलीवर. त्यावर बराच वेळ कुणी विश्वास ठेवला नाही, मग तिनं जमिनीवरच्या त्रेसष्ट कागदांचा आणि त्यांच्या कडेला दिसणाऱ्या आत्याच्या चपलांचा फोटो टाकला. ही गोष्ट तिनं जेवताना वडिलांना सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा वर आला. पडद्याकडं पाठ करून खिडकीपाशी उभा राहिला.

“एकशे बारातले एकशे चार?”

“हो.”

“आठ कोण?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणाली, “सात जण उंचवट्यावर थांबतात, मागचे येईपर्यंत. आणि वायरलेसवाला.”

“तो कशाला?”

“त्याला आधी काढून बघितलं. घळीच्या टोकाला कुणाला काही कळेना, सगळे पाण्याशी एकावर एक तुंबले. चाळीस गेले त्या खेपेला.”

“शेवटचा संदेश गेल्यावर त्याला किती वेळ मिळतो?”

“चार मिनिटं. पण पोचत नाही. अर्ध्या वाटेत दमतो.”

“सेट पाठीवर असेल त्याच्या.”

“असणारच.”

“टाकून द्यायला सांग. सेट घेऊन पळायला गेला की संपला. टाकायचा नाही असं शिकवलेलं असतं, पण टाकायचा.”

बाईनं भावाकडं पाहिलं. “तू टाकलास?”

“म्हणून तर तुझा जिना चढतोय,” दादा म्हणाला आणि खाली निघून गेला.

खेळात सामान टाकता येतं हे भाचीलाही माहीत नव्हतं. शोधल्यावर सापडलं. पुढच्या खेपेला वायरलेसवाल्यानं शेवटचा हुकूम दिला, सेट गवतात ठेवला आणि रिकाम्या पाठीनं घळीतून धावत सुटला. एकशे पाच. बाई काठी टेकत खाली गेली. दादा शेंगा सोलत बसला होता. “आला तो,” ती म्हणाली. दादानं मान हलवली आणि तिला बसायला जागा करून दिली. दोघांनी मिळून उरलेल्या शेंगा सोलल्या. तिच्या वाट्याच्या तिनं उजव्या हातानं सोलल्या, सावकाश.

चाचणी अकराव्या महिन्यात झाली. कचेरीमागच्या पडीक तुकड्यावर, वाऱ्याच्या दिवशी. तपासायला बाहेरचा अधिकारी आला होता, शिष्ट पण सरळ माणूस. तिपाईचे पाय रोवताना बाईला घाम फुटला. बुडबुडा मध्यावर यायला पूर्वी तिला मिनिटही लागत नसे, आता सात लागली. कचेरीतली माणसं खिडक्यांतून बघत होती, त्यांच्याकडं तिनं मान वळवली नाही. मोजणी झाली, कागद पुढं आला. एक रेषा चुकली, ती तिनं खोडली आणि पुन्हा काढली. चौपन्नाव्या मिनिटाला पेन्सिल खाली ठेवली.

अधिकाऱ्यानं नकाशा उचलून डोळ्यांजवळ नेला. “रेषा जरा हललीय.”

“हललीय,” बाई म्हणाली. “अंतर तपासून बघा.”

त्यानं फूटपट्टी लावून चारही बाजू तपासल्या. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची एक तिरकी रेषा तपासली, जी तपासायची गरज नव्हती. कागदावर शेरा मारला आणि तिला दाखवला. मैदानी कामास योग्य, आठवड्यातले तीन दिवस, तिपाई उचलायला माणूस द्यावा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

“तीनच दिवस?” तिनं विचारलं.

“सहा महिन्यांनी बोलू.”

पहिल्या दिवशी दोन चुलतभावांची हद्द मोजायची होती. चढाच्या पायथ्याशी गड्यानं तिपाईला हात घातला, तर बाईनं ती आधीच खांद्यावर घेतलेली. निम्म्या चढापर्यंत तिनं नेली. तिथं थांबली, दम घेतला आणि तिपाई त्याच्या हवाली केली. या खेपेला गडी आधी वर पोचला आणि तिची वाट बघत उभा राहिला. चुलतभाऊ तोवर हमरीतुमरीवर आले होते. बाई वर आली, दोघांना बाजूला सरकायला सांगितलं आणि ओळंबा सोडला.

सुट्टीच्या सकाळी ती अजून त्या चौथ्या मोहिमेवरच आहे. भाची म्हणते, पुढं आणखी नऊ मोहिमा आहेत, त्या तरी बघ. बाई ऐकत नाही. सात जण अजून उंचवट्यावर राहतात, आणि त्यांच्या पाठीमागची, उत्तरेकडची बाजू तिनं अजून मोजलेली नाही. तिकडच्या पहिल्या कागदावर तिनं चौसष्ट आकडा घालून ठेवलाय.